सूत्र बरोबर, वजन बरोबर, बाटली चुकीची: महापेच्या लॅबमधलं एक प्रकरण

नमुना टीबीच्या एका जुन्या औषधाचा होता. पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड, लॅबच्या बोलीत नुसतं 'पास'. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये योर्गन लेमन यांनी ते टीबीवर चालतं हे दाखवून दिलं. पुढे सोयीची औषधं आली तसं ते मागे पडलं, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी डोकं वर काढू लागल्यावर ते पुन्हा कपाटातून बाहेर आलं. त्याची एक खोड मात्र पहिल्यापासून आहे. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि मागे एक अमिनोफेनॉल उरतं. ते यकृताला घातक. पोटातल्या आम्लातही हेच घडतं, म्हणून पासच्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण चढवतात आणि ते थंड जागी ठेवायला सांगतात.

महापे एमआयडीसीतल्या एका तपासणी लॅबकडे हे काम आलं होतं. पासचा नमुना मुद्दाम उष्णतेत ठेवायचा, खराब होऊ द्यायचा आणि किती अमिनोफेनॉल तयार होतं ते एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. मोजण्यासाठी शुद्ध अमिनोफेनॉलचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा खात्रीचा नमुना, लागतं. ते सोडून सगळं जागच्या जागी होतं, पण स्टँडर्ड चुकीचं आहे हे कळायला बराच काळ गेला. मी त्या लॅबचा नोकर नाही. असं काही अडलं की कागद तपासायला बोलावतात, तसा मला निरोप आला.

झालं होतं ते असं. उष्णतेत ठेवलेल्या नमुन्याच्या आलेखात एक नवा पीक, म्हणजे उंचवटा, दिसत होता आणि नमुना जितका जास्त तापवला तितका तो वाढत होता. स्टँडर्डचा पीक मात्र त्याच्या बऱ्याच आधी येत होता, खरं तर एकाच पदार्थाचे पीक एकाच वेळेला यायला हवेत. संगणकाच्या हिशेबाने निकाल असा लागत होता: अमिनोफेनॉल आढळलं नाही, अनोळखी इम्प्युरिटी (अशुद्धी) भरपूर. हा निकाल तसाच बाहेर गेला असता तर साधी गोष्ट नव्हती. ओळख पटलेल्या इम्प्युरिटीसाठी मर्यादा आधीच ठरलेली असते. अनोळखी निघाली की तिची ओळख पटवण्याचं ओझं उत्पादकावर येतं. शिवाय पासचा रोजचा डोस कित्येक ग्रॅमचा. दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त घेतल्या जाणाऱ्या औषधी द्रव्यासाठी आयसीएच या औषध नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेत ओळख पटवण्याची पायरी ०.०५ टक्क्यावरच सुरू होते. इथला पीक त्याच्या कितीतरी वर होता.

पहिला संशय गेला यंत्रावर. जातोच. कॉलम (पदार्थ वेगळे करणारी नळी) बदलला, मोबाईल फेज (तिच्यातून वाहणारा द्रव) नव्याने करून पीएच पुन्हा लावला, कॉलमचं तापमान तपासलं. पावसाळ्याचे दिवस, एसी मधूनमधून बंद पडत होता, म्हणून एसीवरही खापर फुटलं. कशानेही दोन पीक जवळ येईनात.

मग एलसी-एमएस, म्हणजे वेगळ्या केलेल्या पदार्थाच्या रेणूचं वजन मोजणं, झालं आणि गोंधळ वाढला. अमिनोफेनॉलचं आण्विक वजन १०९.१३. एक प्रोटॉन चिकटला की मास स्पेक्ट्रोमीटरवर ११० दिसायला हवं. नमुन्यातल्या पीकचं मास ११० आलं. स्टँडर्डचंही ११०. सीनियर अ‍ॅनालिस्टने मला फोनवर हेच सांगितलं, "सर, मास दोन्हीकडे एकशे दहाच आहे हो. म्हणजे पदार्थ तोच आहे, पीकच कुठेतरी सरकतोय."

मास सारखं म्हणजे पदार्थ तोच, हे वाक्य बीएस्सीच्या वर्गात कोणी बोललं असतं तर याच बाईंनी त्याला थांबवलं असतं. पण समोर यंत्राने छापलेला आकडा असला की माणूस वेगळा वागतो. मी त्यांना इतकंच विचारलं, की बाटलीवर अमिनोफेनॉल कुठलं लिहिलंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "थांबा हं, काकांना विचारते."

स्टोअरच्या काकांनी बाटली आणली. ती फ्रिजमध्ये आधीपासूनच होती. याच लॅबमध्ये पॅरासिटामॉलचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि पॅरासिटामॉल फुटलं की पॅरा-अमिनोफेनॉल तयार होतं, त्यासाठी आणलेली. रजिस्टरमध्ये नोंद नुसती 'अमिनोफेनॉल'. लेबलवर सूत्र दोन प्रकारे छापलेलं: एकदा सी६एच७एनओ आणि एकदा मोकळं करून एच२एन-सी६एच४-ओएच. नावाच्या जागी वर्किंग स्टँडर्डची लॅबने चिकटवलेली चिठ्ठी आली होती, त्यामुळे मूळ नाव झाकलं गेलं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला नोंदणी क्रमांक: १२३-३०-८.

ग्राहकाच्या प्रोटोकॉलमध्ये इम्प्युरिटीपुढे लिहिलं होतं: अमिनोफेनॉल, सी६एच७एनओ, १०९.१३. शेजारी एक आकृती. ट्रेनी मुलीने बाटली घेताना नाव जुळवलं, सूत्र जुळवलं, वजन जुळवलं आणि वर्कशीटमध्ये तिन्हीपुढे टिक केली. तिची ती टिक खोटी नव्हती, तिन्ही गोष्टी खरोखरच जुळत होत्या. उरली आकृती. तिच्याकडे पाहिलं सगळ्यांनी, वाचली कोणी नाही.

आता सूत्र नेमकं काय सांगतं ते बघू. सी६एच७एनओ म्हणजे सहा कार्बन, सात हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. आधी कार्बन, मग हायड्रोजन, मग बाकीची मूलद्रव्यं वर्णक्रमाने, ही मांडणी एडविन हिल यांनी १९०० मध्ये सुचवली आणि सूची करायला ती फार सोयीची ठरली. सोय सूचीची आहे, ओळख पटवण्याची नाही. हेच सूत्र ऑर्थो, मेटा आणि पॅरा या तिन्ही अमिनोफेनॉलचं. फेनिलहायड्रॉक्सिलअमाइनचंही हेच, मेथॉक्सिपिरिडीनचंही हेच, आणि ही दोन तर अमिनोफेनॉलच नव्हेत. दुसरा प्रकार, एच२एन-सी६एच४-ओएच, एक पायरी पुढे जातो. सहा कार्बनच्या कड्यावर एक अमिनो गट (एनएच२) आहे आणि एक हायड्रॉक्सिल गट (ओएच) आहे, एवढं तो सांगतो. ते दोघे एकमेकांपासून किती लांब बसलेत हे तोही सांगत नाही. ते फक्त आकृती सांगते, नाहीतर नावातला आकडा.

लॅबमध्ये पोचल्यावर मी वर्कशीट बाजूला ठेवायला लावली आणि तिघांना, म्हणजे सीनियर मॅडम, ट्रेनी आणि क्यूएचे (गुणवत्ता हमी विभागाचे) मॅनेजर, प्रोटोकॉलमधली इम्प्युरिटीची आकृती एकमेकांचं न बघता कोऱ्या कागदावर काढायला सांगितली. मॅडमनी हुबेहूब काढली. मॅनेजरनी षटकोन आडवा केला आणि गट बरोबर जागी बसवले. ट्रेनीने हायड्रॉक्सिल वर आणि अमिनो थेट खाली काढला. मूळ आकृतीत अमिनो गट थेट खाली नव्हता, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर होता. स्कॅन फिकट होतं हे खरं, पण कारण ते नव्हे. तिच्या डोक्यात 'अमिनोफेनॉल' म्हटलं की वर-खाली असंच चित्र उमटत होतं, कारण या लॅबमध्ये रोज तेच बघितलं जातं.

अशी आकृती वाचायची रीत तशी सोपी आहे, पण ती डोळ्यांनी नाही, बोटाने वाचावी लागते. षटकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बन. अक्षर लिहिलेलं नसलं तरी असतोच. ज्या कोपऱ्याला बाहेरून काही जोडलेलं नाही, तिथे एक हायड्रोजन गृहीत. म्हणजे इथे सहा कोपरे, सहा कार्बन. चार मोकळे कोपरे, चार हायड्रोजन. अमिनोचे दोन, हायड्रॉक्सिलचा एक. झाले सात. सूत्र जुळलं. (कड्याबाहेर एखादी रेघ नुसतीच निघून काही न लिहिता संपली असेल तर तिच्या टोकाला मेथिल असतो, तीन हायड्रोजनसकट. पॅरासिटामॉलच्या आकृतीत नवशिके हमखास तिथे अडखळतात, पण आपल्या प्रकरणात तशी रेघ नाही.)

इथपर्यंतची मोजणी तिन्ही अमिनोफेनॉलला सारखीच येते, म्हणून इथे थांबून उपयोग नाही. पुढची पायरी अशी: एका गटावर बोट ठेवा आणि कड्यावरून चालत दुसऱ्या गटापर्यंत जा, मधले मोकळे कोपरे मोजा. मग उलट्या दिशेने जा, पुन्हा मोजा. ०-४ आलं तर ऑर्थो. १-३ आलं तर मेटा. २-२ आलं तर पॅरा. कागद उलटा करा, तिरपा धरा, मागून प्रकाशात बघा, या जोड्या बदलत नाहीत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या शब्दांना अशा आकृतीत काही अर्थच नाही. कोण कोणाला जोडलंय आणि मध्ये किती जण आहेत, एवढंच तिथे लिहिलेलं असतं.

ट्रेनीने स्वतःच्या चित्रावर बोट फिरवलं: २-२. प्रोटोकॉलच्या चित्रावर फिरवलं: १-३. मग बाटलीच्या सीओएवरच्या (सोबत आलेल्या तपासणी प्रमाणपत्रावरच्या) चित्रावर, जे अख्खं आडवं छापलेलं होतं: २-२. "म्हणजे आपली बाटली पॅरा आणि त्यांना मेटा हवंय," ती म्हणाली, आणि मॅडमनी कपाळावर हात मारला.

इथे मॅनेजरांनी एक शंका काढली आणि ती रास्त होती. प्रोटोकॉलच्या चित्रात कड्यातले दुहेरी बंध एका बाजूला आहेत, सीओएच्या चित्रात दुसऱ्या बाजूला, आणि तिसऱ्या एका कॅटलॉगमध्ये बंधांऐवजी आत नुसतं वर्तुळ आहे. मग हे तीन वेगळे पदार्थ नाहीत कशावरून? नाहीत. रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये बेंझिनचं कडं मांडलं तेव्हा त्यालाही हा प्रश्न चुकला नाही. शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर दोन गट असतील तर मधला बंध एकेरी की दुहेरी यावरून दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. प्रत्यक्षात एकच मिळतो. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी हेक्सामेथिलबेंझिनचे स्फटिक तपासले आणि कडं सपाट, सहाही बाजू सारख्या असल्याचं दाखवलं. बेंझिनमधला प्रत्येक बंध साधारण १.३९ अँगस्ट्रॉम, म्हणजे एकेरी १.५४ आणि दुहेरी १.३४ यांच्या मधला. तेव्हा कड्याच्या आत काय रंगवलंय त्यावर वेळ घालवू नये. बाहेर काय कुठे टांगलंय ते बघावं.

पण मला या प्रकरणात खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीत. समजा प्रोटोकॉलमध्ये इम्प्युरिटीची आकृती नसतीच, तरी उत्तर हातात होतं. पासच्या स्वतःच्या आकृतीत होतं.

पासचं पद्धतशीर नाव ४-अमिनो-२-हायड्रॉक्सिबेंझोइक अ‍ॅसिड. कड्यावर कार्बॉक्सिल गट (सीओओएच) पहिल्या कोपऱ्यावर, हायड्रॉक्सिल दुसऱ्यावर, अमिनो चौथ्यावर. आता रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढा. आकृतीत याचा अर्थ पहिल्या कोपऱ्यावरचा गट खोडायचा आणि तिथे हायड्रोजन समजायचा. वजनाचा हिशेब बसतो का बघा: १५३.१४ वजा ४४.०१, उरले १०९.१३. आणि कड्यावर उरलं काय? दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल, चौथ्यावर अमिनो, मध्ये तिसरा मोकळा. १-३. मेटा. उष्णतेने कार्बॉक्सिल गेला म्हणून बाकीचे दोघे आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे दुसरं काही निघणं शक्यच नाही.

मग सगळ्यांची पावलं पॅराकडे का वळली? पॅरासिटामॉलची सवय हे एक कारण झालं. दुसरं कारण औषधाच्या नावातच बसलेलं आहे. पॅरा-अमिनोसॅलिसिलिकमधला 'पॅरा' हा अमिनो आणि कार्बॉक्सिल यांच्यातला आहे, पहिला कोपरा आणि चौथा कोपरा, २-२. कार्बॉक्सिल निघून गेला की तो पॅरा कोणाशी लावणार? ज्याच्याशी नातं होतं तोच उरला नाही. शिल्लक राहिलेल्या रेणूत मोजणी हायड्रॉक्सिलच्या कोपऱ्यापासून नव्याने सुरू होते, आणि जुना चौथा कोपरा आता तिसरा होतो: ३-अमिनोफेनॉल. आकडा बदलला, नायट्रोजन जागचा हलला नाही. ट्रेनीच्या वर्कशीटच्या समासात पेन्सिलने 'पॅरा-अमिनो' असं लिहिलेलं सापडलं. तिने ते पासच्या नावातूनच उचललं होतं.

याच्या उलट मेसालामाइन घ्या. आतड्याच्या व्रणांवर दिलं जाणारं हे औषध पासचाच आयसोमर, सूत्र तेच सी७एच७एनओ३, वजन तेच १५३.१४. फरक इतकाच की अमिनो गट चौथ्याऐवजी पाचव्या कोपऱ्यावर. त्याच्यातला कार्बॉक्सिल खोडा: दुसरा आणि पाचवा उरतात, समोरासमोर, २-२, पॅरा. काम मेसालामाइनचं असतं तर फ्रिजमधली तीच बाटली बरोबर ठरली असती आणि ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

आकृतीवरून कारण कळलं तरी क्यूएला पुरावा लागतो, आणि तो मागणं बरोबरच आहे. कोणीतरी एनएमआरसाठी, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कसे बसलेत ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, नमुना पवईला आयआयटीत पाठवू म्हणालं. त्याने उत्तर नक्की मिळालं असतं: पॅरामध्ये कड्यावरचे चार हायड्रोजन दोन-दोनच्या सारख्या जोड्यांत पडतात, मेटामध्ये चारही वेगळे. पण त्याची गरज नव्हती. वितळणबिंदूचं साधं उपकरण कोपऱ्यात धूळ खात होतं. मेटा-अमिनोफेनॉल १२२-१२३ अंशांच्या आसपास वितळतं, पॅरा १८५ च्या पुढे जाऊन आणि तेही काळवंडत. केशनळीत भरलेली बाटलीतली पूड १२५ अंशांना जशीच्या तशी बसून होती. लाखोंच्या यंत्राने जो भेद दाखवला नाही तो या डबड्याने दाखवला, कारण प्रश्नच वेगळा विचारला गेला. मास स्पेक्ट्रोमीटरला आपण वजन विचारत होतो, आणि ते त्याने इमानदारीने सांगितलं होतं.

नंतर खरं मेटा-अमिनोफेनॉल मागवलं, कॅस नंबर ५९१-२७-५. ते आल्यावर नुसता पीकचा वेळ जुळला म्हणून समाधान न मानता तापवलेल्या नमुन्यातच थोडं मिसळून पुन्हा इंजेक्शन दिलं. आधीचाच पीक उंच झाला, शेजारी नवा फुटला नाही. अनोळखी इम्प्युरिटीला नाव मिळालं.

कॅस नंबरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बैठकीत तोच रामबाण म्हणून पुढे आला. त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. १२३-३०-८ घ्या: शेवटचा अंक सोडून उजवीकडून प्रत्येक अंकाला १, २, ३ असं गुणत जा. ०, ६, ९, ८, ५, बेरीज २८, शेवटचा अंक ८. जुळलं. ५९१-२७-५ ला ७, ४, ३, ३६, २५, बेरीज ७५, म्हणून ५. टाइप करताना एखादा अंक चुकला तर ही युक्ती तो पकडते. पण आपली चूक टायपिंगची नव्हती. दोन्ही नंबर खरे, दोन्ही पडताळणीत उत्तीर्ण, फक्त पदार्थ वेगळे. नंबर जुळवायचा तर कशाशी, हे आधी ठरलेलं हवं, आणि प्रोटोकॉलमध्ये नंबर दिलेलाच नव्हता. म्हणजे कोणीतरी आकृती वाचूनच तो शोधायचा.

डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याच्या नोंदीच्या, कागदावर मूळ कारण म्हणून मॅनेजरांनी आधी 'अ‍ॅनालिस्टचं दुर्लक्ष' लिहिलं होतं आणि उपाय म्हणून सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण. मी त्याला हरकत घेतली. ट्रेनीने फॉर्ममधला प्रत्येक रकाना नीट भरला होता. फॉर्ममध्ये नाव, सूत्र आणि वजन यांचे रकाने होते, आणि आयसोमरच्या बाबतीत सूत्र आणि वजन ही एकच तपासणी दोनदा केल्यासारखी आहे. नाव अर्धवट असेल तर तिन्ही रकाने मिळून शून्य. अशा फॉर्मवर दुसरी सही वाढवली तर दुसरा माणूसही तेच तीन टिक करेल. थोडी वादावादी झाली. शेवटी रकाने कमी झाले: कॅस नंबर आणि एक रिकामी चौकट. चौकटीत स्टँडर्ड घेणाऱ्याने मागणीच्या कागदावरची आकृती स्वतःच्या हाताने काढायची, मधले मोकळे कोपरे दोन्ही बाजूंनी लिहायचे, आणि बाटलीच्या सीओएवरच्या आकृतीची मोजणी खाली लिहायची. छापील आकृती चिकटवायला मनाई. मॅनेजरांना हे शाळकरी वाटतं, अजूनही. स्टोअरचे काका मात्र आता 'अमिनोफेनॉल' एवढीच चिठ्ठी आली की परत पाठवतात, "कुठलं ते लिहा आधी, मग या."

एक काम उरलं होतं. त्या बाटलीतून पूर्वी जे जे दिलं गेलं त्या सगळ्या नोंदी उघडून बघणं. रजिस्टरप्रमाणे बाकी सगळी कामं पॅरासिटामॉलची निघाली आणि एक मेसालामाइनचं. दोन्हींना पॅराच लागतं, त्यामुळे जुने रिपोर्ट मागे घ्यावे लागले नाहीत. पासचा रिपोर्ट नव्या आकड्यांनी गेला, आणि सोबत ग्राहकाला पत्र, की प्रोटोकॉलमध्ये इम्प्युरिटीचं पूर्ण नाव आणि कॅस नंबर घालावा. पुढच्या आवृत्तीत ३-अमिनोफेनॉल असं नाव आलं. कॅस नंबरची जागा अजून रिकामीच आहे.